डबीतला रुपया आणि त्रयस्थाचा कौल

नाणे हातात आले की आधी ते वाजवून पाहावे, ही शिकवण आम्हांला लहानपणी वडिलांकडून मिळाली. बडोद्याच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर शहाबादी फरशी होती. संग्रहासाठी आणलेला प्रत्येक चांदीचा रुपया वडील त्या फरशीवर टाकीत, कान देऊन ऐकत आणि मगच पेटीत ठेवीत. आवाज खणखणीत आला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. बद्द आला की ते नाणे दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याकडे परत जाई. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत स्थायिक झालेला आमचा भाचा सुट्टीवर आला आणि त्याने पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद केलेले एक चांदीचे नाणे आमच्या हातावर ठेवले, तेव्हा आमचा हात सवयीने फरशीकडे वळला. भाचा हसून म्हणाला, "मामा, हे आता वाजवायचं नाही, वाचायचं!"

आम्ही वाचले. आत १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला अमेरिकन डॉलर होता. त्याचा ठसा कोरणाऱ्या कारागिराच्या नावावरून त्याला मॉर्गन डॉलर म्हणतात. डबीच्या वरच्या बाजूस एक चिठ्ठी होती. तिच्यावर साल, टांकसाळ, एक लांबलचक क्रमांक आणि 'एम. एस. ६४' अशी अक्षरे होती. याचा अर्थ असा की, एका त्रयस्थ कंपनीने हे नाणे तपासले, ते अस्सल ठरवले, टांकसाळीतून निघाल्यावर ते व्यवहारात फिरलेले नाही असे मत दिले आणि सत्तरांपैकी चौसष्ट गुण देऊन ते मोहोरबंद केले. नाण्यालाही परीक्षेला बसवतात आणि त्याची गुणपत्रिका त्याच्याच कपाळी चिकटवतात, हे पाहून आम्हांला प्रथम मौज वाटली. पुढे वर्षभरात याच प्रकाराशी आमचा घरगुती आणि बराच नाजूक संबंध येणार आहे, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

ही सत्तर गुणांची पद्धत कोठून आली, हे वाचकांना सांगितले पाहिजे. डॉ. विल्यम शेल्डन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणसांच्या देहयष्टीची वर्गवारी करण्यासाठी ते प्रसिद्ध होते. त्यांना अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांचा छंद होता. १९४९ साली त्यांनी या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी श्रेणी सुचविली. जेमतेम ओळखू येणाऱ्या झिजक्या नाण्याला एक, तर निर्दोष नाण्याला सत्तर. कल्पना अशी की, सत्तर गुणांच्या नाण्याची किंमत एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. बाजाराने किमतीचे हे गणित थोड्याच दिवसांत मोडून टाकले. आकडे मात्र टिकले. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिझमॅटिक असोसिएशनने आपली अधिकृत प्रतवारी प्रसिद्ध करताना हीच श्रेणी सर्व अमेरिकन नाण्यांसाठी स्वीकारली.

या शेल्डनसाहेबांच्या कथेला एक विलक्षण शेपूट आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्यांनी काढून घेतले होते व त्यांच्या जागी आपल्याकडील हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते, असे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. ज्याने नाण्यांची प्रत मोजण्याची पट्टी जगाला दिली, त्याचा स्वतःचा हात मात्र शुद्ध राहिला नाही. जाणकारी आणि सचोटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच ज्याचा व्यवहारात हितसंबंध आहे त्याने प्रत ठरवू नये, हा विचार पुढे आला. वर सांगितलेल्या असोसिएशननेच १९७२ मध्ये नाण्यांचा अस्सलपणा तपासून देण्याची आणि १९७९ पासून प्रत ठरवून देण्याची सोय केली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात पी. सी. जी. एस. ही कंपनी निघाली आणि नाणे मोहोरबंद डबीत घालून देण्याच्या पद्धतीने तिने सारा बाजार बदलून टाकला. पाठोपाठ १९८७ मध्ये एन. जी. सी. आली. आज जगभरची नाणी या दोन कंपन्यांकडे जातात.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी आहे, असे मात्र समजू नये. मराठेशाहीत गावोगावी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का आणि आमच्या बडोद्याचा बाबाशाही, अशी किती नावे सांगावी! प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. म्हणून सरकारी खजिन्यात भरणा करताना पोतदार प्रत्येक नाणे पारखून घेई आणि कमी कसाच्या किंवा झिजलेल्या रुपयावर बट्टा कापला जाई. आजही आपण 'नावाला बट्टा लागला' असे म्हणतो ते या नाण्यांच्या व्यवहारावरूनच. सराफ नाण्यावर आपला बारीक छाप मारून ठेवीत, तोही एका अर्थी परीक्षेचा शिक्काच. मौज अशी की, आजचा परीक्षक तोच छाप पाहून नाण्याचे गुण कमी करतो. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एका तोळ्याचा, एकसारखा रुपया सुरू केला. पुढे एकेक करून संस्थानी रुपये मागे पडले आणि त्यांच्याबरोबर पोतदाराचे कामही. उरले ते आडनाव.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. वडिलांच्या पश्चात त्यांची पेटी उघडली तेव्हा तीत ३७ चांदीचे रुपये निघाले. वाटेकरी आम्ही तिघे: आम्ही, धाकटे बंधू आणि बहीण. बंधूंच्या मुलीला त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता व फीचा मोठा आकडा समोर उभा होता. पेटीतला आपला वाटा मोडावा, असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. एका दुकानदाराने सरसकट चांदीच्या वजनाचा भाव सांगितला, तो कोणालाच पटला नाही. घरात नाण्यांचे थोडेबहुत ज्ञान होते ते आम्हांला. म्हणून आम्हीच वाटे पाडले. सर्वांत मौल्यवान असा १९३९ सालचा रुपया आम्ही मुद्दाम बंधूंच्या वाट्यास घातला आणि साध्या नाण्यांचा ढीग आपल्याकडे ठेवला. आपण मोठेपणा दाखवला असे आम्हांला वाटत होते. परंतु बंधू काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दादा, राग मानू नकोस. पण तूच पारखी आणि तूच वाटेकरी, हे कसं चालायचं?"

त्या वाक्याने आम्हांला झोंबले, हे कबूल करतो. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतेच बोललो. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या डबीची आठवण झाली. त्याला फोन केला, तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, "मामा, सगळी इकडं पाठवून द्या." येथे मात्र आम्ही वेळीच सावध झालो, आणि वाचकांनीही व्हावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे ही 'पुरावस्तू' ठरते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. 'तपासून परत येणार आहे' ही सबब तेथे चालत नाही. आमच्या पेटीतील बहुतेक रुपये शंभरी ओलांडलेले होते. सुदैवाने प्रतवारी करून देणाऱ्या संस्था आता आपल्या देशातही आहेत. त्यांपैकी एका संस्थेचा प्रतिनिधी नाण्यांच्या प्रदर्शनात बसला होता. त्याच्याकडे आम्ही नाणी हातोहात दिली व पावती घेतली.

सगळी ३७ दिली नाहीत. दर नाण्यामागे फी असते आणि झिजलेल्या, सर्वत्र मिळणाऱ्या रुपयाची किंमत व ती फी यांत फारसे अंतर उरत नाही. म्हणून आम्ही तिघांनी मिळून सहा नाणी निवडली. १८३५ चा चौथ्या विल्यमचा रुपया. १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा. १९११ चा पंचम जॉर्जचा. बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड होऊन पुढच्या वर्षी ज्याचा ठसा सुधारावा लागला, तो. १९१९ चा मुंबई टांकसाळीचा एक काळाकुट्ट रुपया. तो आमच्या 'साध्या' ढिगातला होता, पण बहिणीने सहज उचलला म्हणून गेला. वडिलांचा लाडका १९३९ चा. आणि सहावा म्हणजे संवत १९४९ चा, महाराज सयाजीराव गायकवाड यांचा मुखवटा असलेला बडोदे सरकारचा रुपया. हा सहावा रुपया आमच्या देव्हाऱ्यातला. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर बसतो तो. आरशासारखा लखलखीत. त्याला उत्तम गुण मिळणार, याबद्दल आमच्यापैकी कोणालाच शंका नव्हती.

परीक्षेची रीत थोडक्यात अशी असते. नाणे आले की त्याला क्रमांक मिळतो. मालकाचे नाव परीक्षकापुढे जात नाही. वजन आणि व्यास मोजतात. मग दोन किंवा अधिक परीक्षक एकमेकांना न विचारता, एका ठरावीक दिव्याखाली, नाणे हातात तिरपे फिरवून आपापले गुण लिहितात. शेवटी एक ज्येष्ठ परीक्षक निर्णय देतो. मग नाणे डबीत जाते आणि ध्वनिलहरींनी डबीच्या कडा सांधल्या जातात. डबी फोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. अस्सल असूनही ज्या नाण्यात दोष आहे, म्हणजे ते घासलेले, भोक पाडलेले किंवा डाग देऊन कडी बसवलेले आहे, त्याला आकडा देत नाहीत. केवळ दोषाचे नाव लिहितात. खोट्या नाण्याला डबी मिळत नाही. ते तसेच परत येते.

अडीच महिन्यांनी निकाल आला. आम्ही तिघे आणि आई असे ओसरीवर बसलो होतो. १८३५ च्या विल्यमला ४० आणि १९११ च्या जॉर्जला ३५ मिळाले. ही व्यवहारात फिरलेली, पण नाकडोळे शाबूत असलेली नाणी. १८६२ च्या व्हिक्टोरियाला आकडा नव्हता. वरच्या कडेला डागाची खूण आहे, असा शेरा होता. तेव्हा आईला आठवले की तो आत्याबाईंच्या गळ्यातल्या माळेतला. माळ मोडली तेव्हा कडी कानस लावून काढली होती. इतक्या वर्षांत ती खूण आमच्या भिंगाला कधी दिसली नव्हती.

१९३९ चा रुपया डबीविना, साध्या कागदी पाकिटात परत आला होता. शेरा होता: 'साल बदललेले.' आमच्या अंगावर काटा आला. त्या सालच्या रुपयाचे महत्त्व असे की, जुन्या कसाचा, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदीचा, हा शेवटचा रुपया; १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. हा १९३९ चा रुपया अतिशय दुर्मिळ, आणि म्हणूनच लबाडांचा आवडता. १९३८ चा रुपया घ्यायचा आणि आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू कोरून टाकायची, की झाला नऊ! वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाजही खणखणीत. मग कसोटीचा दगड तरी काय सांगणार आणि शहाबादी फरशी तरी काय बोलणार? वडिलांनी एका फिरत्या विक्रेत्याकडून महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा देऊन तो घेतला होता आणि पाहुण्यांना दाखवताना त्यांचा आवाज जरा चढत असे. ते हे ऐकायला नव्हते, याचे त्या क्षणी बरेच वाटले.

पण त्याहून मोठी गोष्ट मनात आली ती अशी. आम्ही पाडलेले वाटे तसेच राहिले असते, तर हा रुपया बंधूंकडे गेला असता. त्यांनी तो बाजारात नेला असता आणि तेथे त्यांना सत्य कळले असते. मग 'दादाला माहीत नव्हते' यावर त्यांचा विश्वास बसला असता काय? कदाचित बसला असता. पण मनात कोठेतरी कण राहिला असता, आणि असा कण भावाभावांत आयुष्यभर टोचतो. बंधूंनी पाकीट हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बरं झालं दादा, आपण दोघांनी बरोबर वाचलं." त्रयस्थाची फी आम्हांला त्या एका वाक्यात वसूल झाली.

काळाकुट्ट १९१९ चा रुपया मात्र ६३ गुण घेऊन आला. तो कधी फिरलाच नव्हता. कोणी तरी कापडात गुंडाळून ठेवला आणि तसाच काळवंडत गेला. चिठ्ठीवर टांकसाळ मात्र 'कलकत्ता' लिहिली होती. भिंगाखाली मुंबईची बारीक बिंदूची खूण आम्हांला स्पष्ट दिसत होती. आम्ही संस्थेला लिहिले. त्यांनी चूक मान्य करून डबी बदलून दिली, परंतु त्यात आणखी सहा आठवडे गेले. त्रयस्थ झाला तरी माणूसच. त्याचे लिहिलेलेही वाचून घ्यावे लागते. भाच्याचा अनुभव तर याहून गमतीचा. त्याचा तो ६४ चा मॉर्गन डॉलर पूर्वी ६३ गुणांच्या डबीत होता. त्याने डबी फोडून तोच डॉलर पुन्हा परीक्षेला बसवला, तेव्हा एक गुण वाढला. नाणे तेच, डोळे तेवढे दुसरे! गुण हे मत आहे, माप नव्हे, हे यावरून ध्यानी येईल. अस्सल की नकली, घासलेले की न घासलेले, याबाबत परीक्षकाचे बोलणे बहुधा पक्के असते. ६३ की ६४ याबाबत ते तेवढे पक्के नसते.

या दोन नाण्यांचे एक नातेही आम्हांला भाच्यामुळे कळले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली आणि नोटेच्या बदल्यात रुपये देणे सरकारला जड जाऊ लागले. तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यांतील सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. तिचे येथे रुपये पडले. आमचा १९१९ चा रुपया कदाचित भाच्याच्या डॉलरचा सख्खा भाऊच असेल. बहिणीने दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "एक तिकडं राहिला, एक इकडं आला."

राहिला सयाजीरावांचा रुपया. त्याच्या चिठ्ठीवर आकडा नव्हता. 'अस्सल; घासलेले' एवढेच होते. आमची चूक कोठे झाली, ते समजण्यासाठी तकाकी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. ठसा जोराने चांदीवर दाबला जातो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठावर केसाहून बारीक रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली फिरवले की या रेषांमुळे उजेडाचा पट्टा गाडीच्या चाकासारखा फिरतो. ती टांकसाळीची खरी तकाकी. नाणे घासले की पहिला बळी या रेषांचा जातो. मग उरते ती भांड्यासारखी सपाट चकाकी आणि भिंगाखाली दिसणारे बारीक ओरखडे. चिंचेचे आम्ल काळा थर खाते, त्याबरोबर थोडी चांदीही जाते. रांगोळी तर दगडाचीच पूड. काळेपणा मात्र नाण्याचा शत्रू नव्हे. तो हवेतील गंधकाने चांदीवर चढलेला पातळ पापुद्रा असतो आणि बहुधा खालचे पृष्ठ झाकून जपतो. म्हणून आमचा काळा रुपया पास झाला आणि लखलखीत रुपया नापास.

आई हे सारे शांतपणे ऐकत होती. पन्नासाहून अधिक दिवाळ्या तिने तो रुपया चिंच आणि रांगोळी लावून आपल्या हाताने घासला होता. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी रुपया बिघडवला म्हणायचं?" आम्हांला उत्तर सुचेना. आम्ही काही तरी शास्त्र सांगू लागलो, तेव्हा तिनेच आम्हांला थांबवले. "पण अरे, काळी लक्ष्मी चौरंगावर कशी बसवायची?"

परीक्षकाच्या दिव्याखाली या प्रश्नाला उत्तर नाही आणि असण्याचे कारणही नाही. त्याला विचारले होते की, हे नाणे टांकसाळीतून निघाले तसे आहे काय? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, नाही. घरात आल्यावर त्या नाण्याचे काय झाले, कोणाच्या हाताने झाले आणि कशासाठी, हे त्याच्या कामाच्या बाहेरचे होते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. ज्याला नाणे विकायचे आहे, त्याला पहिले उत्तर कळलेच पाहिजे. ज्याला ठेवायचे आहे, त्याने पहिल्यासाठी दुसरे टाकून देऊ नये.

या अनुभवातून चार व्यावहारिक गोष्टी शिकलो, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील. घरात जुनी नाणी असतील तर ती घासू नका, पुसूही नका. नाणे कडेने धरा, बोट मुखवट्यावर ठेवू नका. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. त्यांतून हिरवट चिकटा सुटून नाण्यावर बसतो. वाजवून पाहण्याची आमची वंशपरंपरागत रीतही सोडा. फरशीवर पडून कडेला पोचे येतात, आणि आमच्या विल्यमच्या कडेला ते आहेत. परीक्षेला पाठवायचे ते प्रत्येक नाणे नव्हे, तर ज्याच्या अस्सलपणावर बरीच रक्कम किंवा घरचा सलोखा अवलंबून आहे, तेवढेच. आणि डबीतले नाणे विकत घेताना केवळ चिठ्ठी पाहून पैसे मोजू नका. २००८ च्या सुमारापासून नामांकित कंपन्यांच्या खोट्या डब्याही बाजारात आल्या आहेत. डबीवरील क्रमांक त्या कंपनीच्या नोंदीत पडताळावा, तेथे छायाचित्र असेल तर ते हातातल्या नाण्याशी ताडावे, आणि मग भिंग घेऊन आपल्या डोळ्यांनी नाणे पाहावे. दुसऱ्याचे डोळे मदतीला घ्यावेत. आपले मिटू नयेत.

वाटे आम्ही नव्याने पाडले. १९१९ चा, १८३५ चा आणि १९११ चा असे तीन रुपये बंधूंनी घेतले आणि विकले. आलेली रक्कम आमच्या मूळ कल्पनेच्या मानाने पुष्कळच कमी होती. फीचा आकडा तिने भरला नाही. राहिलेले आम्ही आणि बहिणीने मिळून भरले, आणि त्यात कोणाला आपण उपकार केले असे वाटले नाही. पुतणी आता दुसऱ्या वर्षाला आहे. बदललेल्या सालाचा रुपया आम्ही ठेवून घेतला आहे. पाकिटावर वडिलांच्या अक्षरातली किंमत आहे आणि खाली आमच्या अक्षरात खरी हकीगत, म्हणजे पुढच्या पिढीत तो पुन्हा कोणाला १९३९ चा म्हणून विकला जाणार नाही.

सयाजीरावांचा रुपया डबीत घातल्यामुळे त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला अडचण आली. प्लॅस्टिकवर पंचामृत कसे घालणार? धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बंधूंनी पक्कड आणली आणि आम्ही दोघांनी मिळून डबीची कड तोडली. चिठ्ठी पेटीत ठेवली. आईशी तडजोड अशी ठरली की पंचामृतानंतर नुसते पाणी, मग मऊ कापडाने टिपणे. चिंच नाही, रांगोळी नाही. ती तयार झाली, पण पूर्ण पटले असे नाही. यंदाच्या दिवाळीत रुपयाच्या कडेने किंचित काळसर छटा चढू लागलेली दिसली. आईने तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला, आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता त्यावर कुंकू वाहिले.